चांदीच्या तळ्यातला राजा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. हात सढळ, तलवार तेज, ऐकण्याच्या बाबतीत मात्र आनंदच. त्याच्या नगरीत एक रीत होती. भरसभेत राजाने विचारायचं, आणि जो गप्प बसेल त्याचा होकार धरायचा. मोठी सोयीची रीत हो! पानसुपारी फिरायच्या आत सभा संपायची.

नगरीला एक तळं होतं. अलीकडे तटाच्या आत जुनी घरं. पलीकडे टोपल्या विणणारे, होड्या वल्हवणारे, दुष्काळात परमुलखातून आलेले. पाणी सगळ्यांचं. एके दिवशी प्रधान सभेत म्हणाला, "महाराज, तळं तटातल्यांचं. पलीकडच्यांनी आपली सोय पाहावी." राजाने विचारलं, "कुणाची हरकत?" कुणी चकार शब्द काढला नाही. पलीकडच्यांना तर सभेचं बोलावणंच नव्हतं. झालं, ठराव पक्का.

दुसऱ्या दिवशी राजा मंगलस्नानाला तळ्यात उतरला. छातीभर पाण्यात उभा राहून त्याने ओंजळ उचलली, आणि अख्खं तळं चांदीचं झालं. घट्ट, लखलखीत चांदी, आणि तिच्यात छातीपर्यंत राजा. लोकांना आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? छिन्न्या घेऊन धावले. पण फोडलेला तुकडा हातात येताच कोळसा व्हायचा, आणि तळ्यातली चांदी रोज बोटभर वर चढायची.

राणी कमळजा चांदीवरून चालत जाई, राजाला घास भरवी, आणि परत येई. सातव्या दिवशी राजाच्या मुकुटावर एक साळुंकी येऊन बसली.

"राणी, शाप तळ्याच्या राखणदाराचा. मी त्याची दूत. तीन कामं कर. चांदी राजाच्या नाकात शिरायच्या आत झाली तर राजा तुझा, नाहीतर चांदीचा."

"पहिलं सांग."

"पलीकडच्या प्रत्येक घरचं पाणी पी."

पलीकडचे लोक आता कोसभरावरच्या झऱ्यातून पाणी आणत. तरी राणीला कुणी नाही म्हटलं नाही. शेवटचं घर धुरपाचं. ती टोपली विणत बसली होती, तिने मान वर केली नाही.

"पाणी तोडलंत तेव्हा नाही आलात, राणीसाहेब. नवरा अडकला तेव्हा आमचा उंबरा आठवला होय?"

राणी उंबऱ्याबाहेर उन्हात बसून राहिली. दुपार कलली तेव्हा धुरपाने तांब्या आणून ठेवला.

"माफ केलं नाही. उन्हात माणूस बसलंय, म्हणून देते."

राणी प्यायली. लाजेने तिचे कान तापले होते.

"दुसरं," साळुंकी म्हणाली. "ठरावाच्या दिवशी ज्याच्या ओठांवर 'नाही' आलं आणि ज्याने ते गिळलं, असं एक माणूस आण. खोटं बोलेल त्याच्या कपाळी माझं पीस चिकटेल."

राणीने दवंडी पिटवली. आणि काय सांगू! अख्खा दरबार लोटला. "मी म्हणणारच होतो!" "अगदी ओठांवर होतं हो!" दिवसभरात प्रधानासकट सगळ्यांच्या कपाळी पिसं, आणि साळुंकी बिचारी अर्धी उघडी पडली. राणीला हसू आलं, आणि हसता हसता ती थबकली. त्या दिवशी पडद्याआड तीही बसली होती. तिला 'नाही' म्हणायचं होतं, पण चारचौघांत राजाचा मान राहावा म्हणून ती गप्प राहिली होती. ती चौकात गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ते माणूस मी." तिचं कपाळ स्वच्छ राहिलं.

"तिसरं. तळ्यावर सभा भरव. दोन्ही काठ बोलाव. पाणी कुणाचं ते ठरव. पण एकाचंही मौन होकारात धरलंस, तर सगळं फुकट."

सभा भरली तेव्हा चांदी राजाच्या हनुवटीला लागली होती. राणीने एकेकाला नावाने विचारायला सुरुवात केली. कुणी भांडलं, कुणी रडलं, एका म्हाताऱ्याने तर आजोबांपासून सुरुवात केली. प्रधान कासावीस झाला. "राणीसाहेब, उरलेले हो म्हणतील असं धरू या!" राणीचा जीव तुटत होता. तरी ती म्हणाली, "पुढचं नाव."

तीन दिवस सभा चालली. शेवटी धुरपाची पाळी आली. "पाणी सर्वांचं. हो की नाही?"

"नाही," धुरपा म्हणाली. सभेच्या काळजात धस्स झालं. "आज दिलेलं पाणी उद्याच्या सभेत पुन्हा काढून घ्याल. सभेत आमची माणसं बसणार असतील, तर हो."

आली का पंचाईत! राणीने पुन्हा पहिल्या नावापासून विचारलं. दिवस कलला तेव्हा सगळ्यांचे होकार आले. चांदी तशीच. राजाचे ओठ केव्हाच बुडाले होते, नाकाखाली दोरीएवढी जागा उरली होती.

"महाराज राहिले," साळुंकी म्हणाली.

"ते गप्प आहेत!" प्रधान ओरडला. "रीतीप्रमाणे होकार धरा!"

"नाही," राणी म्हणाली. "त्यांनाही विचारायचं."

"बायकोची साक्ष चालायची नाही," साळुंकी म्हणाली, "आणि पीसवाल्यांची तर मुळीच नाही."

मग धुरपा उठली. ती राजापाशी जाऊन चांदीवर बसली. "महाराज, हो असेल तर डोळे मिटा."

राजाने डोळे मिटले. तिच्या पाठीआड बाकी कुणाला ते दिसलं नाही. धुरपा राजाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"महाराज हो म्हणतात," ती म्हणाली.

चांदीचं पाणी झालं. राजा बुडाला, वर आला, खोकला, आणि दोन्ही काठांवर एकच कल्ला उठला. शाप सुटला, घाट उघडले, सभेत दोन्हीकडची माणसं बसू लागली. सभा आता दिवस दिवस चालतात आणि प्रधान पाठ धरून घरी जातो.

पुढे एकदा घाटावर राणीने विचारलं, "धुरपा, त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर?"

"मोह झाला होता, राणीसाहेब. खोटं नाही सांगत."

"मग?"

"मग वाटलं, गप्प बसणाऱ्यांना मी किती दिवस शिव्या घालतेय." तिने घागर कमरेवर घेतली आणि घरची वाट धरली.