लिंबाजीचा सौदा

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? तर सांगाल ते अगदी तस्सं करायचा. सांगणाऱ्याला पुढे पश्चात्ताप व्हायचा, तो भाग वेगळा.

त्याचे मामा तात्याबा चांगले श्रीमंत होते. मामांची मुलगी शेवंता लिंबाजीला फार आवडायची. आणि काय सांगावं, तिलाही हा आवडायचा. म्हणून लिंबाजीची आई भागाबाई भावाकडे मागणी घालायला गेली. मामा म्हणाले, मुलगी देतो, वर राहायला घर आणि विहिरीजवळचं शेतही देतो. पण पोरगा हा असा! आधी श्रीमंताच्या सवयी त्याच्या अंगी बाणू देत, मग बघू.

मामांनी त्याला समोर बसवून पहिली सवय शिकवली. श्रीमंत माणूस माल विकायची घाई करत नाही, भाव चढेपर्यंत धरून ठेवतो.

"ध्यानात राहील ना?"

"राहील, मामा."

आणि राहिलं हो. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी आईने त्याला दूध विकायला बाजारात पाठवलं. गिऱ्हाइकं आली, लिंबाजीने सगळ्यांना परत धाडलं. म्हणाला, अजून भाव चढायचाय. ऊन चढलं, भाव काही चढेना. संध्याकाळपर्यंत दुधाला असा वास सुटला, की शेजारचा भजीवाला कढई उचलून पलीकडच्या रांगेत गेला.

मामांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे शहाण्या, असा माल घरी परत आणायचा नसतो. जो पहिला विचारील त्याला, तो देईल त्या किमतीला देऊन मोकळं व्हायचं.

"ध्यानात राहील ना?"

"राहील, मामा."

पुढच्या आठवड्यात आईने म्हैस जनावरांच्या बाजाराला न्यायला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशीच शेजारी भेटला. त्याच्या काखेत कोंबडी होती. त्याने आपलं गमतीने विचारलं, या कोंबडीच्या बदल्यात देतोस का म्हैस? लिंबाजीने दावं त्याच्या हातात दिलं आणि कोंबडी घेऊन घरी आला. कोंबडी चांगली होती, हे मात्र मी कबूल करीन. भागाबाई त्या दिवशी जेवली नाही.

आता मामा हातच जोडणार होते. पण शेवंता रुसून माळ्यावर जाऊन बसली, तेव्हा त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. आता विकणं राहू दे, म्हणाले, घ्यायला शीक. देणारा समोर उभा राहिला की मालात खोड काढावी, नाक मुरडावं आणि चालू लागावं. मागून हाका येतात, पण वळायचं नाही. हाकेगणिक भाव उतरतो. आणखी उतरायला जागाच उरली नाही, की मग वळावं आणि हातावर हात मारून सौदा पक्का करावा.

"ध्यानात राहील ना?"

"राहील, मामा."

लिंबाजी फेटा घ्यायला गेला. खोड काढली, चालू लागला, दुकानदाराने हाकांवर हाका मारल्या आणि फेटा निम्म्या किमतीत आला. मामांचा ऊर भरून आला. पोरगं सुधारलं म्हणून त्यांनी मुहूर्त काढला.

मांडव उभा राहिला. सगळा गाव जमला. मामा लेकीचा हात धरून पुढे आले आणि म्हणाले, "लिंबाजी, ही माझी शेवंता तुला देतो."

देणारा समोर उभा! लिंबाजीने शेवंताला खालीवर न्याहाळलं.

"नाक जरा बसकं आहे," तो म्हणाला, आणि मांडवाबाहेर चालू लागला.

वाजंत्री थांबली. भागाबाई मटकन खाली बसली. मामा लाललाल होऊन मागे धावले.

"लिंबाजी, वळ! नाहीतर शेत देणार नाही!"

उतरला, लिंबाजी मनात म्हणाला. पाऊल जरा लांब टाकलं.

"अरे वळ! घरसुद्धा देणार नाही!"

आणखी उतरला. लिंबाजीला हसू आवरेना. शेवंता शालू सावरत धावत आली, रडत म्हणाली, अहो वळा की आता! लिंबाजीने तिला डोळ्यानेच खुणावलं, की जरा दम धर.

मामा वेशीपाशी थांबले. धाप लागली होती, तरी गावभर ऐकू जाईल असे ओरडले, "जा मग! मुलगीही देत नाही!"

तेव्हा कुठे लिंबाजी वळला. लगबगीने मागे आला आणि मामांच्या हातावर हात मारून म्हणाला, "पटलं, मामा. सौदा पक्का!"