उलट्या बाजूची चिंगी

"पुस्तक उलटं धरते ही! आणि म्हणे वाचते! उद्यापासून या शाळेला कुलूप!"

भार्गवपंत तपासनीस बोरखिंडीच्या शाळेत असे गरजले, आणि सहा वर्षांची चिंगी हातातलं पुस्तक टाकून रडायला लागली. पंतांना त्याचं काय! ते पोरांचं वाचन वाळूच्या घड्याळानं मोजत. वाळू संपायच्या आत पान संपलं तर पोर हुशार, नाहीतर दगड. महाराजांनी तर शाळेची जागा शिकारी कुत्र्यांसाठी पसंतही करून टाकली होती. कुत्र्यांना वाचावं लागत नाही, एवढीच त्यांची पात्रता!

चिंगीची आई धुरपा ही शाळा झाडायची, सारवायची. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. तिच्या घरात अक्षर ओळखणारी चिंगी पहिलीच. धुरपानं केरसुणी कोपऱ्यात ठेवली, अकरा पोरं गोळा केली आणि थेट दरबार गाठला.

"सरकार, शाळा बंद करू नगा!"

"का करू नये?" महाराज ताटातला बेसनाचा लाडू फोडत म्हणाले. "तुझी पोर पुस्तक उलटं धरते."

"धरंल न्हाई तर काय करंल? शाळेत पुस्तक एक, पोरं अकरा! पुस्तक मधी ठेवत्यात अन् पोरं भवतीनं बसत्यात. चिंगी शेवटाला आली, तिला पुस्तकाच्या डोक्याकडची जागा मिळाली. तिनं पहिल्या दिसापासनं अक्षरं उलटीच बघितली. पंतांनी सुलटं दिलं, तिनं आपल्या सवयीनं फिरवून घेतलं. पंत हसत बसले. वाच म्हनलेच न्हाईत!"

"सबबी!" महाराजांच्या बाजूला उभे असलेले पंत फिस्कारले. "महाराज, आपल्या दरबारी शाळेतली मुलं बघा. मी स्वतः शिकवलीत. अर्ध्या घड्याळात पान संपवतात!"

महाराज हट्टी. पंतांची बाजू एकदा घेतली की घेतली. "ठरलं! तुझ्या पोरांनी दरबारी मुलांना इथंच, आत्ता हरवावं. नाहीतर कुत्री उद्याच येतील."

दरबारी मुलं म्हणजे जरीच्या टोप्या घातलेली सरदारांची पोरं. त्यांच्यासमोर ही अनवाणी अकरा! पंत गालात हसले.

"चालंल," धुरपा म्हणाली. "पण पुस्तक नगं. सरकारांचं अक्षर लई झ्याक असतंय म्हनं. सरकारांनीच चार शब्द लिवावं, आजवर कुनी वाचलं नसंल असं. अन् काय लिवलंय ते कुनाला सांगू नये."

अक्षराची स्तुती ऐकून महाराज फुलले. त्यांनी बोरू मागवला, मिशीत हसत दोन ओळी लिहिल्या आणि कागद जमिनीवर ठेवला.

आधी दरबारी मुलं बसली. पंतांनी घड्याळ उलटं केलं आणि मुलांनी एका सुरात सुरुवात केली.

"सकाळी लवकर उठावे! दात स्वच्छ घासावे! वडीलधाऱ्यांस वंदन करावे!"

काय तो वेग! काय ते उच्चार! दहाव्या वाक्याला तर सगळ्यांनी एकदम बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. पुढ्यात एकच कागद होता, पण सवय ती सवय!

"शाबास! अर्ध्या घड्याळात!" पंतांनी टाळी वाजवली.

"पंत," महाराज सावकाश म्हणाले, "दात घासायचं मी कुठं लिहिलं होतं?"

पंतांचा हात अर्ध्या टाळीतच थांबला. "पाठांतर पक्कं आहे, महाराज..."

"ते दिसलं. आता दुसरी पोरं!"

बोरखिंडीची पोरं कागदाभोवती गोल करून बसली. चिंगी आपल्या नेहमीच्या जागी, डोक्याकडच्या बाजूला. तिनं बोट टेकलं, तेही ओळीच्या उलट्या टोकाला, आणि ओठ हलवू लागली.

"बघा! बोट बघा कुठं ठेवलंय!" पंत हसले. चिंगीनं वर पाहिलंच नाही. ती एकेक अक्षर लावत राहिली. वाळू संपली. पंतांनी मोठ्या आनंदानं घड्याळ पुन्हा उलटं केलं.

एवढ्यात चिंगी उठली. तरातरा सिंहासनाकडे गेली आणि महाराजांच्या ताटातला सगळ्यांत मोठा लाडू तिनं उचलला!

"चोर! अगं कार्टे!" पंत धावले. "आण तो इकडे! दे म्हणतो ना!"

चिंगीनं लाडू पाठीमागं लपवला. "तुमाला न्हाई द्यायचा."

"का नाही?"

"तसंच लिवलंय!"

पंतांनी कागद ओढून घेतला. त्यावर महाराजांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'जो कोणी हे वाचील त्याने माझ्या ताटातला सर्वांत मोठा लाडू घ्यावा. पंत मागतील. त्यांना देऊ नये.'

महाराज असे हसले, असे हसले की त्यांचा तुरा डोळ्यावर आला! दरबार हसला, जरीच्या टोप्याही हसल्या. पंत तेवढे कागदाकडे बघत राहिले, जणू आणखी काही लिहिलेलं निघेल!

"बाई, शाळा राहील. कुत्री कुत्र्यांच्या जागी!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "शिवाय काय हवं ते माग!"

"अकरा पुस्तकं द्या, सरकार. परत्येकाला एक."

"दिली! आणखी?"

धुरपानं पंतांकडे पाहिलं. पदर नीट केला.

"अन् आमचं जुनं पुस्तक हाय, ते तसंच मधी ठिवू. पंतांना वरीसभर शाळंत धाडा. चिंगीची जागा आता मोकळी झालीया."

महाराजांचं नुकतंच थांबलेलं हसू पुन्हा सुरू झालं. हसता हसताच त्यांनी हुकूम लिहिला आणि मुद्दाम उलटा धरून पंतांच्या हातात दिला.