तरलेची चंचलता

एका राज्यात सुधन्वा नावाचा राजा होता. राणी देवाघरी गेलेली, मूल एकच, राजकन्या तरला. पोर मोठी हुशार, पण एका जागी टिकेल तर शपथ! जेवता जेवता उठे, एक बोलता बोलता दुसरेच बोले, गुरुजींचा पाठ सोडून मुंग्यांच्या रांगेमागे चालू लागे. राजाचा तिच्यावर फार जीव. जीव होता म्हणूनच तो तिला सुधारायला निघाला, आणि तिथेच सगळे बिघडले.

त्या राज्याची रीत अशी, की वारसाने भरल्या दरबारात बसायचे, ओंजळीत काठोकाठ भरलेला तेलाचा दिवा धरायचा, आणि दिवा आपोआप विझेपर्यंत जागचे हलायचे नाही. संधी तीनदा मिळे. पहिल्या वेळी तरला मांजराच्या पिलाला पाहायला उठली. दुसऱ्या वेळी तिने दिव्याची ज्योत कशी नाचते ते शेजारच्या प्रधानाला दाखवले आणि त्याची दाढी जाळली. तिसऱ्या वेळी तिने ओठ रक्त येईतो चावले, पण शेवटच्या घटकेला बाहेर शंख वाजला, मान वळली, तेल सांडले. दरबार हसला.

"एवढी हुशार आहेस," राजा गरजला, "म्हणजे तू हे मुद्दामच करतेस!"

त्याच संध्याकाळी मूकनाथ नावाचा जादूगार दारी आला. "महाराज, हिची चंचलता मी घड्यात कोंडतो, मग राजाज्ञेने रीत आणखी एकदा करा. मोल नको. मात्र घड्यावर लाखेची मोहोर तुमच्याच हाताने लागली पाहिजे."

"तात," तरला म्हणाली, "आणखी एकदाच करून पाहू द्या ना मला."

राजाने ते ऐकले. ऐकूनही त्याने मोहोर दाबली.

दुसऱ्या दिवशी तरलेने दिवा धरला. थेंब सांडला नाही. जयजयकार झाला, दिवा विझला, दरबार उठला, आणि तरला तशीच बसून राहिली, कारण ऊठ असे तिला कोणी म्हटले नव्हते. पुढे हेच चालले. जेव म्हटले की जेवे, नीज म्हटले की निजे. विचारीत मात्र काही नसे. वर्षांमागून वर्षे गेली, ती उंच झाली, आणि वाड्यात कोणाला तिचा आवाज आठवेना.

घडा ठेवला होता खजिन्यात. त्या दिवसापासून खजिना शापित झाला. मोहरा टुणटुण उड्या मारीत, मोती दाराकडे धावत, आणि खजिनदार आत शिरला की कशाला आलो ते विसरून हात हलवीत परत येई.

एका सकाळी वाड्याच्या पायरीवर एक धोबी पक्षी उतरला. शेपूट सारखी वरखाली हलवीत तो म्हणाला, "राजा, तुझी लेक बसली आहे, की ठेवली आहे?"

राजा पायऱ्या उतरून पक्ष्यापाशी आला. इतकी वर्षे हाच प्रश्न तो स्वतःपासून लपवीत होता. "उपाय सांग," तो म्हणाला.

"घडा फोडलास तर चंचलता वाऱ्यावर जाईल. ती तू पी. अंगात घेऊन मूकनाथाचा डोंगर चढ. तो सांगेल ती तीन कामे झाली, तर तिचे तिला मिळेल."

राजाने मोहोर काढली आणि घडा तोंडाला लावला. त्याबरोबर सारे जग त्याच्या अंगावर धावून आले. प्रत्येक पान, प्रत्येक टाप, अंगरख्याची टोचणारी शिवण, सगळे एकदमच, आणि सगळे सारख्याच मोठ्याने. डोंगरावर निघालेला राजा आधी नदीवर पोहोचला, आणि भटकत भटकत कसाबसा डोंगर चढला.

मूकनाथाने त्याच्यापुढे तीळ आणि मोहरीचा ढीग ओतला. "सूर्यास्ताआधी निवडा."

राजा निवडू लागला. मग त्याला कोळी दिसला, मग ढग, मग पाय वळवळले. दुपारी पाहतो तो निवडलेलेही पुन्हा मिसळलेले. "मी मुद्दाम नाही करत!" तो डोंगराला ओरडून म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून मटकन खाली बसला.

"एक एक मूठ घे," धोबी पक्षी म्हणाला. "मूठ झाली की उठून एक फेरी मार. मी शेजारी बसतो."

सूर्यास्ताआधी ढीग निवडून झाला.

"तिच्यासाठी एवढेच करायचे होते?" राजाने विचारले.

"एवढेच करायचे होते," पक्षी म्हणाला. राजा ढसाढसा रडला.

दुसरे काम होते रानातून चार मुळ्या आणायचे. राजा दोनदा रिकाम्या हाती आला. मग त्याने उपरण्याला चार गाठी मारल्या, मुळी मिळाली की एक गाठ सोडली, आणि काम झाले.

तिसऱ्या कामासाठी मूकनाथाने त्याला गुहेच्या तोंडाशी आणले. "आत जा. कान झाकायचे नाहीत."

गुहेत राजाचाच आवाज होता. लक्ष कुठे असते तुझे? इतर मुली बघ. किती वेळा सांगायचे? तुझी आई असती तर तिने लाजेने मान खाली घातली असती. हे शेवटचे आपण कधी बोललो, राजाला आठवेना. गुहेला आठवत होते. सारे बोल संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि बाहेर आला तेव्हा म्हातारा दिसत होता.

"हे पाप तुझे," तो मूकनाथाला म्हणाला.

"मी तुम्ही मागितले तेच दिले, महाराज. आता तिचे तिला न्या."

राजाने घरी येऊन तरलेच्या कपाळावर ओठ टेकले. तिच्या पायाचे बोट हलले, मग पाऊल, मग ती खिडकीकडे धावली. खजिना निजला. राजाने दिव्याची रीत मोडून नवी घातली. वारसाने दिवा घेऊन नगरात फिरावे, तेल सांडले तर लोकांनी पुन्हा घालावे. तरला सगळ्या गल्ल्या फिरली आणि युवराज्ञी झाली.

त्यानंतर एकदा तिने विचारले, "तात, मी गप्प होते, तेव्हा तुम्हाला बरे वाटत होते?"

खोटे बोलावे असे राजाला फार वाटले. "हो," तो म्हणाला. "सुरुवातीला फार बरे वाटले."

तरला खिडकीबाहेर पाहू लागली.

"रागव ना माझ्यावर," राजा म्हणाला.

"रागवायच्या वयात मला राग येतच नव्हता, तात. अजून जमत नाही. जमेल."

असा शाप सुटला, राज्य मार्गी लागले, आणि राजा रोज लेकीशेजारी बसून तिच्या रागाची वाट पाहू लागला. त्याची वाट लवकर सरो, आणि ऐकणाऱ्या कोणाला अशी वाट पाहावी न लागो.