निळ्या फुलांच्या सात बांध्या

एक होती रेवंता. इतकुशी, की उभ्या धानात शिरली तर नुसती वेणीची लाल रिबीन दिसायची. गावाच्या अगदी टोकाला तिचं मातीचं घर. घरात ती आणि तिची माय सायत्रा, दोघीच. बाबा केव्हाच देवाघरी गेलेले. शेत होतं, पण केवढं? धानाची एकच बांधी! चारी बाजूंनी मातीचे धुरे आणि मधे पाण्यात लावलेलं धान, त्याला त्या मुलखात बांधी म्हणतात बरं का.

आता जरा दुःखाचं सांगते, ऐका. धान कापून झालं की सगळी शेतं रिकामी पडत. गुरं मोकळी सुटत, माती वाळून भेगाळून जाई आणि गावात कुणाच्याच हाताला काम नसे. मग संक्रांत झाली की एक टेम्पो येई. त्यात बसून माय लांब, नदीपलीकडे मिरची तोडायला जाई ती थेट होळीला परत येई. तोवर रेवंता शेजारच्या तानबाकाकांकडे. काका चांगले होते हो, पोटभर जेवू घालत, पण माय ती माय! दिवस मोजून मोजून रेवंताची बोटं दुखत.

यंदाही धान पिवळं झालं. कापणीला पंधरा दिवस होते, तेव्हा काकांनी धुरे फोडून बांध्यांतलं पाणी सोडून दिलं. पाणी वाहून गेलं की खळग्यांत मासोळ्या अडकतात. झालं, गावची सगळी पोरं टोपल्या घेऊन धावली! रेवंताही धावली. पण तिच्या वाट्याला आलेल्या खळग्यात होत्या नखाएवढ्या पिल्लू मासोळ्या, चंदेरी, चकचकीत, तडफडणाऱ्या.

"अगं बाई, तुमची माय कुठं गेली?" तिनं विचारलं आणि तिला एकदम रडूच आलं.

टोपली तिथंच टाकून तिनं ओंजळ भरली आणि ती बोडीकडे, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याकडे पळत सुटली. एकदा, दोनदा, अकरा वेळा! बाराव्या ओंजळीत मासोळी नव्हतीच. होती एक इवलीशी परी. पंख निळे निळे, झगा दवाच्या थेंबांचा, झुळझुळता, आणि पायांत चिखलाचे चिमुकले पैंजण.

"तू मला सुकू दिलं नाहीस," परी म्हणाली. तिचा आवाज पाझरल्यासारखा बारीक होता. "मी ओलपरी. बांधीतली ओल ती मीच. माग बाळ, काय हवं?"

"माझ्या मायनं मिरची तोडायला जाऊ नये!" रेवंता एका दमात म्हणाली.

परीचा चेहरा एवढासा झाला. "माणसांना नाही गं मला थांबवता येत. ओल तेवढी थांबवता येते. मातीत उगवेल असं काहीतरी माग."

रेवंतानं डोकं खाजवलं, रिबिनीचं टोक चावलं. माय जाते काहून? शेत रिकामं पडतं म्हणून. "मग शेत रिकामं राहू नको देऊ!"

परीनं टाळी वाजवली. निळ्या ठिणग्या फुरफुरल्या. "हे जमेल! पण ऐक. बी तुझ्याच घरचं हवं. आणि ते आत्ताच टाकायचं, उभ्या धानात, पाऊल टेकवलं की ठसा ओला उमटतो तोवर. कापणी होऊ दे, मग बघू म्हणालीस तर माझा इलाज नाही."

"एवढंच?"

"अजून एक. जेवढ्या मुठी आपल्या बांधीत, तेवढ्याच शेजाऱ्याच्या. आणि हो, फुलं फुलली की मी निघाले. मग थांब म्हणायचं नाही."

घरी बी म्हणजे एका डब्यातलं जवस तेवढं. ती होती मायची वाटेची शिदोरी. त्याची चटणी करून ती दरवर्षी सोबत नेई. रेवंतानं सगळं खरं खरं सांगितलं. मायला परीबिरी काही पटली नाही, पण लेकीचे डोळे बघून तिनं डबा हातात ठेवला.

"घेऊन जा. मले काय, तिकडं तोंडी लावायला मिरची हायेच की!"

रेवंताच्या बांधीला वेढून तानबाकाकांच्या सहा बांध्या होत्या. तिनं काकांना विचारलं, तर ते पोट धरून हसले.

"उभ्या धानात जवस? अगं येडाबाई, एक पीक उभं असताना दुसरं पेरते का कोणी? टाक, टाक! चिमण्या दुवा देतील तुले."

धुऱ्यावर उभं राहून रेवंतानं पहिली मूठ आपल्या बांधीत उडवली, दुसरी काकांच्या. खरं सांगू? काकांची मूठ जरा लहानच झाली. डबा केवढा, बांध्या केवढ्या! मग तिची तिलाच लाज वाटली. तिनं चांगली गच्च मूठ भरली आणि भिरकावली. बघते तर काय, काकांच्या बांधीत पडलेली मूठ डब्यात पुन्हा भरलेली! मग काय विचारता? ती धुऱ्याधुऱ्यानं नाचत सुटली. तपकिरी, तुकतुकीत दाणे धानातून सरसरत ओल्या चिखलात पडले. सातही बांध्या झाल्या तेव्हा कुठे डबा रिकामा झाला.

धान कापलं, भारे घरी गेले. शेतांकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही. फिरकायची रीतच नव्हती. गावभरच्या बांध्या तडकल्या. या सात मात्र आतून ओल्याच राहिल्या. धसकटांमधून हिरवी हिरवी रोपटी वर आली. रेवंता रोज त्यांना बघून येई. एकदा तर मोकाट गुरांचा कळपच शिरला! पण जवसाचा पाला गुरांना कुठला आवडायला? एका ढवळ्या गाईनं हुंगलं, फुर्र करून नाक मुरडलं आणि सगळा कळप पुढं गेला.

संक्रांत झाली. सकाळी टेम्पोचा भोंगा वाजला. मायनं गाठोडं बांधलं. रेवंता तिचा पदर धरून ओढू लागली.

"एकदा बांधीकडं चल ना वो माय! मग जा."

"गाडी निघून जाईल ना, पोरी."

"एकदाच!"

तिच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं. माय गाठोडं काखेत मारून निघाली. "कुठं चालल्या गं?" करत तानबाकाकाही मागून आले.

आणि तिघंही धुऱ्यावर खिळून उभी राहिली. ऊन नुकतंच वर आलं होतं. एक कळी उघडली, शंभर उघडल्या, हजार उघडल्या! एका बांधीत नव्हे, सातही बांध्यांत. निळंच निळं, नाजूक, डुलणारं, दवानं लखलखणारं. आभाळच खाली उतरलं होतं जणू.

काका डोकं धरून खाली बसले. "सात बांध्या जवस! आता हे राखायचं कोणी? उपटायचं, झोडपायचं, पाखडायचं कोणी? मी एकटा म्हातारा? सायत्रे, तू कुठंबी जायची नाही. बी तुमचं होतं. माझ्या सहाही बांध्यांतलं अर्धं तुमचं."

लांबून टेम्पोनं पुन्हा भोंगा वाजवला. माय हलली नाही. थोड्या वेळानं त्याचा आवाज लांब लांब जात विरून गेला.

रेवंताला एका फुलावर ओलपरी दिसली. तिचे पंख उन्हात पातळ होत चालले होते. रेवंताच्या ओठांवर 'थांब' आलं होतं, पण तिनं ते गिळलं. नुसता हात हलवला. परी हसली, निळ्या उजेडाचं एक वर्तुळ झाली, सातही बांध्यांवरून झर्रकन फिरली आणि दिसेनाशी झाली. ती बसली होती त्या फुलापाशी रेवंतानं पाऊल टेकवलं. ठसा अजून ओला होता.

घरी येऊन मायनं गाठोडं सोडलं. सगळ्यात वर होता रेवंताचा जुना, आखूड झालेला फ्रॉक.

"हा कशाला वो नेत होतीस?"

"उशाला घ्याले," माय म्हणाली आणि तिनं लेकीला कुशीत ओढलं.

होळीला जवस घरात आलं. मायनं सुई-दोरा घेतला आणि त्या फ्रॉकची पिशवी शिवली. तिच्यात पुढच्या वर्षीचं बी भरून ती उंच आढ्याला टांगून ठेवली.