शेवटच्या कातरणीची लोकर

"पण माझं चुकलं काय, ते तरी सांगाल का?"

आण्णा सणगरांनी मान वर केली नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, तसेच बसून राहिले. आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे गेला. फणी आपटली.

ओजस समोर उभा होता. हातात कॉलेजचा कागद.

पुण्याहून तो घोंगडी विणायला शिकायला आला होता. अख्खं सत्र आण्णांच्या घरी राहिला. कॉलेजचा नियमच तसा होता. वर्गाबाहेर पडायचं, खऱ्या कामाच्या जागी काम करायचं. ज्याच्या हाताखाली केलं, त्यानं 'काम पुरं झालं' म्हणून सही द्यायची. मग चार क्रेडिट मिळायचे. ते नसले की पदवी अडायची, वर्ष जायचं.

उद्या कागद द्यायचा शेवटचा दिवस होता.

"आण्णा, मी तुमच्याशी बोलतोय."

फणी आपटली. जरा जास्तच जोरात.

"चिंचोक्याची खळ मी शिजवली. ताण्याच्या उभ्या धाग्यांवर कुंचा फिरवून फिरवून माझे खांदे गेले. तुमच्या म्हशीचं शेण काढलं. ते तर कुठल्याच अभ्यासक्रमात नाही."

"म्हशीपुरती सही देतो," आण्णा म्हणाले.

"चेष्टा करू नका."

"मी करत न्हाई."

ओजसचा चेहरा लाल झाला. भिंतीशी एक नवं घोंगडं घडी करून ठेवलं होतं. त्यानं ते उचललं आणि आण्णांच्या पुढ्यात झटकून उलगडलं.

काळंभोर होतं. कुठं डाग नाही, कुठं रेघ नाही.

"हे मी केलं. तुम्ही लेकीच्या गावी होता. पिंजण्यापासून विणण्यापर्यंत मी बघितलं. आमचे सर आले, त्यांनी हात फिरवून पाहिलं. इतकं एकसारखं काम हातमागावर बघितलं नाही म्हणाले. पैकीच्या पैकी गुण दिले."

"दिलं असतील."

"मग?"

आण्णांनी धोटा खाली ठेवला.

"लोकर कुणाची?"



लोकर मंगूबाईची होती. ओढ्यापलीकडे राहणारी, धनगराची विधवा. चरायला रान उरलं नाही, म्हणून तिनं यंदा सगळी मेंढरं विकली. विकण्याआधी एकदा कातरली. ती लोकर गाठोड्यात बांधून तिनं आण्णांकडे आणून टाकली. पोराचं लग्न ठरलं होतं. तिच्या घरात नवी सून घरच्या मेंढरांच्या घोंगड्यावर बसते, मगच चुलीपाशी जाते. तिची सासू तशीच बसली होती, ती स्वतःही बसली होती.

गावाला जाताना आण्णा ओजसला सांगून गेले होते, हिच्यात दुसरा केस नको.

"लोकर आखूड होती," ओजस म्हणाला. "काळ्यात मधेमधे तांबूस झुपके होते. तशीच विणली असती तर पट्टे पडले असते. सर यायचे होते. म्हणून तांबूस काढून टाकली. व्यापाऱ्याच्या पोत्यातली चांगली काळी घेतली आणि तिच्यात मिसळून पिंजली. माल सुधारला, आण्णा. बिघडवला नाही."

"मंगूबाई काल आली हुती."

"मला माहीत आहे. मी होतो की इथं."

"मग तू काय बघितलंस?"

ओजसनं खांदे उडवले. "घोंगडं हातात घेतलं. उलटंपालटं केलं. नाकाला लावलं. ठेवून निघून गेली. आवडलं नसेल. त्यांना काय, फिनिशिंग कळत नाही."

आण्णा खड्ड्यातून वर आले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. 

"ती तांबडी हुडकत हुती."

"कोण तांबडी?"

"मेंढी. तिच्या दाल्ल्यानं मरायच्या आधी बाजारातनं आणल्याली. सगळ्या काळ्यांत एकटी तांबडी. ते झुपके तिचं हुतं."

ओजसनं घोंगड्याकडे बघितलं.

"कुठं टाकलंस?"

"...उकिरड्यात."

"कधी?"

"दिवाळीच्या सुमारास."

आण्णांनी डोळे मिटले. उकिरडा शेतात जाऊनही महिना झाला होता.

 बाहेर कोंबडी उगाच ओरडत होती. मग ओजसचाच आवाज चढला.

"ठीक आहे. चुकलं. पण एका मेंढीपायी माझं वर्ष घालवणार तुम्ही? मी काम केलं की नाही? तुमच्याकडे केलं की नाही?"

"माझ्याकडं केलंस. कुणाचं केलंस?"

"म्हणजे?"

"तिचा अंगठा घेऊन ये या कागदावर. मग माझी सही."

"कागदावर तिचं नावसुद्धा नाही."

"तेच म्हणतोय मी."

ओजसनं कागदाची घडी केली. दात आवळून म्हणाला, "तुम्हाला मला तिच्या पाया पडायला लावायचंय. सरळ सांगा ना."

आण्णांनी पाठ फिरवली आणि पुन्हा खड्ड्यात उतरले.

ओजस ओढा ओलांडून गेला. वाटभर स्वतःशी भांडत गेला. ती काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं, सगळं जुळवून ठेवलं. शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. भरपाई मागितली तर वडिलांना फोन करायचा. रडली तर... त्यापुढचं त्याला जुळवता आलं नाही.

मंगूबाई लग्नासाठी घर सारवत होती. कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात. बाजूला मेंढरांचा काट्यांचा वाडगा मोकळाच पडला होता.

"मंगूबाई, तुमची लोकर मी बदलली," त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. "तांबडीची टाकून दिली. आण्णा गावात नव्हते. मीच केलं."

"कळलं मला," ती म्हणाली. "वासावरनं."

तिनं हात थांबवला नाही. सारवणाची एक ओळ पुरी केली.

"मग आता का आलायस?"

त्यानं कागदाचं सांगितलं. क्रेडिटचं सांगितलं. ते तिला कळलं की नाही, कोण जाणे.

"आन् ह्यो कागद न्हाई गेला तर?"

"वर्ष जातं."

"अख्खं?"

"हो."

मंगूबाईनं पदराला हात पुसले. अंगठा तेवढा पुन्हा पुन्हा पुसला.

"आण की मग. शाई हाय का?"

त्याच्याकडे शाई नव्हती. तिनं चुलीपाशी जाऊन तव्याच्या बुडाला अंगठा घासला, आणि कागदाच्या कडेला, त्यानं बोट दाखवलं तिथं, दाबून उठवला. मग कागद दूर धरून बघितला.

"बरा उठलाय न्हवं? न्हाई तर मास्तर म्हणंल, कुणाचा ह्यो."

ओजस वाट बघत होता. आता बोलेल, आता बोलेल.

"भाकरी खाऊन जा," ती म्हणाली. "उनाचा आलायस."

तो खाऊन आला नाही. जवळजवळ पळतच आला.

आण्णा मागावरच होते. ओजसनं कागद त्यांच्यापुढं आपटला.

"घ्या. दिला तिनं. एका शब्दानं बोलली नाही. शिवी नाही, शाप नाही. वर भाकरी खा म्हणाली." त्याचा श्वास लागला होता. "हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच पाठवलंत मला."

"न्हाई," आण्णा म्हणाले. "मला वाटलं, हाणंल."

ओजस मागाच्या कडेला बसला.

"हाणायला हवं होतं," तो म्हणाला.

त्यानं घोंगडं पुढ्यात ओढलं.

"मी हे उसवतो. पुन्हा विणतो. तिची लोकर तेवढी वेगळी काढतो."

"पिंजल्याली लोकर येगळी हुत न्हाई."

"मग दुसरीकडून तांबडी आणतो. ज्यांनी मेंढरं घेतली त्यांच्याकडून. ती मेंढी कुठंतरी असेल."

"कसायानं घेतली मेंढरं."

...

फणी आता आपटत नव्हती. आण्णांनी कागद उचलला. कडेचा काळा अंगठा बघितला. त्यावर बोट ठेवलं नाही, काजळी पुसेल म्हणून. मग कानावरचं पेन काढून, अक्षर अक्षर जुळवत, आपलं नाव लिहिलं. खाली गाव लिहिलं. कागद पुढं केला.

ओजसनं हात मागं घेतला.

"नको, आण्णा."

आण्णांचा हात तसाच पुढं राहिला.

"नको मला ते. जाऊ दे वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा करीन, पहिल्यापासून. हे मला घेववत नाही."

तेव्हा आण्णांचा राग सबंध वर आला. आवाज मात्र चढला नाही. त्यांनी ओजसचं मनगट धरलं, मूठ उघडली, कागद तिच्यात ठेवला आणि मूठ आपल्या हातानं मिटली.

"तिनं दिलंय. घ्यावं लागंल."