भैरूचा व्हिसा आणि आईच्या हातचं पाणी

आजऱ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात वाकसवाडी नावाचं गाव आहे. तिथं एक भोळा विद्वान राहायचा. विद्वान अशासाठी की तो शिकलेला होता. भोळा कशासाठी, ते पुढं कळेलच. त्याचं नाव भैरू चौगले. माझंही नाव भैरू चौगले, आणि वाकसवाडीत दुसरा भैरू चौगले नाही. तेव्हा काय समजायचं ते समजा.

भैरू शेणकिड्यांचा अभ्यास करायचा. शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलत नेतो, तो काळा किडा. लोकांची पोरं चांगले मार्क पाडून डॉक्टर होतात. हा चांगले मार्क पाडून शेणापाशी जाऊन बसला. पण समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या विद्यापीठाला नेमका असाच माणूस पाहिजे होता. तिथल्या प्राध्यापकबाईंनी कळवलं, "तुम्हाला जागा दिली आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा. नाही आलात तर दुसऱ्याला द्यावी लागेल. जागा एकच आहे."

भैरूला इतका आनंद झाला की तो गोठ्यात जाऊन किड्यांनाही सांगून आला. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. राहिला होता फक्त व्हिसा.

गावात विमानात बसलेला माणूस एकच, भैरूचा जोतीमामा. तो आखातात गाडी चालवायला गेला होता आणि धडधाकट परत आला होता. त्यामुळं परदेशाचं काहीही असलं की गाव त्यालाच विचारायचं.

"व्हिसाचं काय अवघड न्हाई," मामा म्हणाला. "मुंबईला जायचं. काचंमागं साहेब बसलेला असतो. तो विचारील. तू काही लपवायचं न्हाई. सगळं सांगून टाकायचं."

"सगळं?"

"सगळं."

भैरूनं ध्यानात ठेवलं.

तो पिशवी घेऊन निघाला, तर शेजारच्या पारूकाकूनं अंगणातूनच विचारलं, "काय रं भैरू, कुठं निघालास?" निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारलं की काम होत नाही, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालासुद्धा माहीत असतं. भैरू काकूच्याच ओट्यावर टेकला, काकूच्याच घरचं पाणी प्याला आणि गाडीला गेला.

मुंबईत काचेमागं साहेब होता. त्यानं विचारलं, "कशासाठी जाताय?"

भैरू म्हणाला, "आमच्या आजोबांकडं चंद्री नावाची म्हैस होती." मग त्यानं चंद्रीचं सांगितलं. चंद्रीच्या रेडकाचं सांगितलं. रेडकावरून मामात आणि आजोबांत भांडण झालं, ते सांगितलं. मामीच्या माहेरचं सांगितलं.

"थोडक्यात सांगा," साहेब म्हणाला.

"थोडक्यात सांगितलं तर लपवल्यासारखं होईल, साहेब."

असं सांगत सांगत गोष्टीतला भैरू चौथीत गेला तोवर साहेबाची जेवायची वेळ झाली. व्हिसा नामंजूर झाला.

घरी आल्यावर मामानं कपाळाला हात लावला. "आरं लेका, साहेब काय कीर्तनाला बसलेला असतो? विचारलं तेवढंच सांगायचं. हो, न्हाईतर नाही. तिसरा शब्द काढायचा न्हाई."

आई मात्र मामावर चिडली. "त्याचं काय चुकलं? पारूनं विचारलं म्हणून काम झालं न्हाई." मग भैरूला समोर बसवून म्हणाली, "आणि तू पारूच्या घरचं पाणी प्यालास. तसं चालत न्हाई बाबा. कुणी कुठं म्हणून विचारलं की मागं फिरायचं. आपल्या घरात यायचं, पाटावर बसायचं, माझ्या हातचं पाणी प्यायचं, मग निघायचं. आणि एका दिवसात दुसऱ्यांदा कुणी विचारलं, तर त्या दिवशी निघायचंच न्हाई."

"बरं आई," भैरू म्हणाला. त्यानं दोघांचंही ध्यानात ठेवलं.

व्हिसासाठी डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागतं. भैरू कोल्हापूरला डॉक्टरकडं गेला.

"नाव काय तुमचं?" डॉक्टरनं विचारलं.

"हो," भैरू म्हणाला.

"काही त्रास होतोय का?"

"नाही."

"वय किती?"

भैरूनं जरा विचार केला. "नाही."

डॉक्टरनं त्याच्या कानात बॅटरी मारून बघितली. मग डोळ्यात मारून बघितली. मग मोठ्या डॉक्टरला बोलावलं. दोघांनी मिळून मेंदूच्या तपासण्या लिहून दिल्या. मेंदू चांगला निघाला, ह्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मामाला वाटलं.

"आरं, तपासणी म्हटल्यावर बोलायचं न्हाई," मामा म्हणाला. "गुमान शर्ट काढायचा, आ करायचा, जीभ भाईर काढायची. समोरचा मग काय बघायचं ते बघतो."

भैरूनं ध्यानात ठेवलं.

मुलाखतीची दुसरी तारीख मिळाली. भैरू दोन दिवस आधीच आजऱ्याच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत बसला. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "कुठं?"

भैरू उठला. खाली उतरला. चालत वाकसवाडीला आला, पाटावर बसला, आईच्या हातचं पाणी प्याला आणि पुन्हा स्टँडवर गेला. गाडी अर्थातच गेली होती. तो पुढच्या गाडीत बसला. तिथला कंडक्टर म्हणाला, "कुठं?"

दुसऱ्यांदा झालं. भैरू घरी जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः स्टँडवर आला. "कंडक्टर जवळ आला रं आला की त्यानं विचारायच्या आधी आपणच सांगून टाकायचं. मुंबई. मग तो कुठं म्हणणारच न्हाई." तसंच झालं. भैरू मामाला मनातल्या मनात खूप मानायला लागला.

मुंबईत काचेमागं तोच साहेब होता. भैरूला बघून तो जरा सावरून बसला आणि म्हणाला, "आज आम्ही तुमची सगळी माहिती नीट तपासणार आहोत."

तपासणी म्हटल्यावर भैरूनं गुमान शर्ट काढला. आ केला. जीभ बाहेर काढली. मागं रांगेत बसलेली माणसं उभी राहिली. शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि शर्ट मागून आणून दिला. तेवढी माणुसकी होती.

ह्यावेळी मामा ओरडला नाही. सप्टेंबर निम्मा संपला होता. भैरूचं तोंड उतरलं होतं, तो जेवतही नव्हता. "मामा, माझी जागा जाणार," तो म्हणाला. "दुसरा कुणीतरी माझे किडे बघणार."

मामा जवळ सरकला. त्यानं भैरूच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ. त्या साहेबाला एकच भ्या असतं. पोरगा जाईल तो तिकडंच राहील. म्हणून त्यानं काय बी विचारलं तरी तू शेवटी एकच सांगायचं. मी परत येणार. घर हितं हाय, आई हितं हाय, मी परत येणार. आणि अंगातला शर्ट अंगात ठेवायचा."

भैरूनं ध्यानात ठेवलं.

तिसऱ्यांदा मुंबईला गेला, तर साहेब त्याला बघून खुर्ची मागं सरकवून बसला. "विषय काय?" त्यानं लांबूनच विचारलं.

"शेणकिडे. मी परत येणार."

"खर्च कोण करणार?"

"विद्यापीठ. मी परत येणार."

"तिकडं चांगली नोकरी मिळाली तर?"

"घर इथं आहे, आई इथं आहे. मी परत येणार."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," तो म्हणाला, "पण तुमच्याइतका विश्वास माझा आजवर कुणावर बसला नाही." आणि त्यानं व्हिसा दिला.

गावानं सत्कार केला. पारूकाकूनं ओवाळलं. आईनं हातावर दही ठेवलं आणि डोळे पुसले. निघताना गावातलं कुणी काही विचारू नये म्हणून मामानं जीप थेट अंगणात आणली. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट बघणारा साहेब मान वर करायच्या आत भैरूनं देशाचं नाव सांगून टाकलं. साहेबानं शिक्का मारला. विमान उडालं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

गुरुवारी सकाळी भैरू त्या थंड देशात उतरला. तिथंही रांग होती आणि रांगेच्या शेवटी काच होती. काचेमागच्या गोऱ्या साहेबानं पासपोर्ट घेतला. भैरूनं आधीच सांगायला म्हणून तोंड उघडलं, पण हा साहेब चलाख निघाला.

"कुठं चाललात?" त्यानं विचारलं.

आता त्यानं ते इंग्रजीत विचारलं, हे खरं. पण इंग्रजीतलं कुठं झालं तरी कुठंच ना.

भैरूनं पिशवी उचलली. "परत जातो," तो म्हणाला.

"का? काय झालं?"

"तुम्ही कुठं म्हणून विचारलंत."

"तेच विचारायला मी इथं बसलोय."

"तुमची चूक नाही साहेब. आमची पारूकाकू पण असंच करते. मी जरा पाणी पिऊन येतो."

साहेब भला होता. त्यानं टेबलाखालची पाण्याची बाटली काढून दिली. भैरूनं ती दोन्ही हातांनी परत केली. "हे चालत नाही. आईच्या हातचं लागतं."

"आई कुठं आहे?"

"वाकसवाडीला."

साहेबानं मोठ्या बाईसाहेबांना बोलावलं. त्या आल्या आणि म्हणाल्या, "ह्या माणसाला नक्की जायचंय तरी कुठं?"

"झालं," भैरू म्हणाला. "दुसऱ्यांदा झालं. आता आजचा दिवस गेला."

पलीकडं काचेच्या भिंतीमागं प्राध्यापकबाई उभ्या होत्या. हातात पाटी होती. पाटीवर भैरूचं नाव होतं, आणि त्याला लांबून ओळखता यावं म्हणून शेजारी एक शेणकिडा काढला होता. चित्र चांगलं आलं होतं, पायसुद्धा बरोबर होते. बाईंनी हात हलवला. भैरूनंही हलवला. त्याला फार वाईट वाटलं, रडूच यायला लागलं. पण अपशकुनावर आत पाऊल टाकलं आणि जागाच गेली तर काय घ्या? सोमवार अजून लांब होता. तो रात्रीच्या विमानात बसला. मुंबईच्या साहेबाला दिलेला शब्द त्यानं चोवीस तासांत पाळला होता, पण हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी आई अंगणात भात वाळत घालत होती, तर समोर भैरू.

"आई, पाणी दे," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

आईला वाटलं आपल्याला भास झाला. मग तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पाणी दिलं आणि काहीएक न विचारता भात टाकायला आत गेली. लांबून आलेल्या पोराला आधी जेवायला घालायचं, बाकीचं मागून.

मामा पळत आला. सगळं ऐकल्यावर तो खाली बसला, परत उठला. "व्हिसाचा शिक्का शाबूत हाय का?"

"आहे. बाईसाहेब म्हणाल्या, पाणी पिऊन झालं की या."

"मग आत्ताच्या आत्ता निघायचं. रातच्या विमानात बसलास तर सोमवार गाठतोस. ते चुकलं तर संपलं." मामानं जीप अंगणात लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. "आणि तिकडं गेल्यावर तोंडात पाणी धरून ठेव, नायतर कानात बोळे घाल, पण आता मागं फिरायचं न्हाई."

भैरूनं ध्यानात ठेवलं. तो पाणी पिऊन उंबऱ्यापाशी आला.

"अगो बाई," कुंपणापलीकडून पारूकाकू म्हणाली, "आत्ता तर आलास, आता कुठं?"

भैरू मागं फिरला. पाटावर बसला. आतून आईनं तांब्या आणून दिला आणि पुन्हा चुलीपाशी गेली.

मामा मग गावभर फिरला. पारूकाकूला तिच्या घरात घालून बाहेरून कडी लावली. जो भेटेल त्याला बजावलं, भैरू जीपमध्ये बसेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. अख्खी वाकसवाडी आमच्या अंगणात जमली. सरपंच होते, गुरुजी होते, सगळ्यांनी तोंडावर हात धरले होते. ज्याला खोकला आला तो माणूस रस्त्यापलीकडं जाऊन खोकला. जीपच्या इंजिनाशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

भैरू उठला. पिशवी खांद्याला लावली. उंबरा ओलांडला. अंगण ओलांडलं. जीपच्या पायरीवर त्यानं पाय ठेवला. मामानं देवाला हात जोडले.

तेवढ्यात आई आतून ताट घेऊन आली. वाफाळलेला भात, वर आमटी. मामा गावाला बजावून आला होता, पण आईला सांगायचं राहिलं होतं. चुलीपाशी बसलेल्या बाईला जीपचं काय आणि सोमवारचं काय. तिनं जीपकडं बघितलं, भैरूकडं बघितलं आणि तिचा जीव कळवळला.

"आरं माझ्या लेकरा," ती म्हणाली, "उपाशी कुठं निघालास?"

अख्ख्या गावानं तोंडावरचे हात कपाळाला लावले. आईनं जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

भैरूनं पायरीवरचा पाय खाली घेतला. तो आत आला, पाटावर बसला आणि ताट पुढं ओढलं. आमटी चांगली झाली होती. आई शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसली.

मामानं बाहेर जाऊन जीप बंद केली.