जिवंत माणसाचं तेरावं

फार जुनी, आपल्या पणज्याच्याही पणज्याच्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा म्हातारा राहत असे. सगळे त्याला नाना म्हणत. साठ वर्षं त्यानं देवळात भजन म्हटलं. आता मात्र त्याचा आवाज कापायचा, शब्द मागेपुढे व्हायचे.

एका एकादशीला गावचा मुखिया म्हणाला, "नाना, तुमच्यामुळं ताल चुकतो. तुम्ही आपले बाहेर पायरीवर बसा."

नानाचा मुलगा शेजारीच होता. तो टाळ वाजवतच राहिला.

दुसऱ्या दिवशी नाना गाव सोडून डोंगरातल्या धनगरांच्या वस्तीवर गेला. तिथं त्याला लोकांनी मधोमध बसवलं. "आजोबा, म्हणा की एखादा अभंग!"

इकडे नदीला पूर आला. गाव सोडताना नाना नदीवर तोंड धुवायला थांबला होता आणि तिथंच उपरणं विसरला होता. ते काठावर सापडलं. म्हातारा वाहून गेला, असंच सगळ्यांनी धरलं. गाव रडलं. गावानं थाटात त्याचं तेरावं घातलं.

नेमका त्याच दिवशी नाना परतला. गावच्या देवाची आठवण त्याला राहू देईना. पंगत बसलेली पाहून तोही शेवटच्या पानावर टेकला.

मुखिया ओट्यावरून सांगत होता, "असा गळा पुन्हा होणे नाही! देवळाचा खांबच कोसळला!"

"कोण गेलं हो?" नानानं शेजाऱ्याला विचारलं.

"केरबानाना. देवमाणूस!" शेजारी मान न वळवता म्हणाला.

नानाचा घास हातातच राहिला. तेवढ्यात त्याचा मुलगा वाकून बुंदी वाढत आला. पानाकडे बघतच म्हणाला, "पाव्हणं, आणखी वाढू?"

"अरे, वर तरी बघ!"

मुलानं वर पाहिलं. पातेलं दणकन खाली पडलं. कुणी किंचाळलं, कुणी देवाचं नाव घेतलं. मुखियाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

नाना उठला. "मी मेलो म्हणून एवढं रडलात. मग जिवंत होतो तेव्हा मला बाहेर का बसवलंत?"

एकेक जण भरल्या पानावरून उठला.

संध्याकाळी मुखियानं स्वतः हाताला धरून नानाला देवळात आत नेलं.

"ताल चुकला तर?" नानानं विचारलं.

मुलगा खालमानेनं म्हणाला, "चुकू द्या, नाना. आम्ही थांबू."

पुढं नाना तीन वर्षं जगला. तो शब्द विसरला, की टाळ थांबत आणि आठवला, की पुन्हा वाजू लागत.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाला मान द्यायचा, तर तो त्याच्या डोळ्यांदेखत द्यावा.